न ढवळलेली माती

…आणि मग तिनं फळ्यावर खडूनं लिहिलं, ‘काल धूळ येणार म्हणाले. आली नाही. चूक माझी.’ खाली नाव आणि तारीख. काल सांगता सांगता मी इथंच थांबलो होतो, कारण दूध उतू गेलं आणि आमच्या हिनं स्वयंपाकघरातून हाक मारली. तर तो फळा. आमच्या सूनबाईच्या ऑफिसात पाण्याच्या पिंपाशेजारी लावलाय, म्हणजे तहान लागलेल्या प्रत्येकाला तो वाचावाच लागतो. लोक आपले बरोबर आलेले अंदाज चौकटीत घालून भिंतीवर टांगतात. ही चुकलेले टांगते. मी पहिल्यांदा तिथं गेलो तेव्हा मला वाटलं, आमच्या शाळेसारखी उशिरा येणाऱ्यांची नावं लिहिलीत. म्हटलं, बिचारी रोज उशीर करते वाटतं, सगळीकडे हिचंच नाव.

तिचं काम काय, हे मला कळायला अकरा वर्षं लागली. तुम्हाला ते मी दोन मिनिटांत सांगणार आहे, म्हणजे बघा माझी प्रगती.

वाळवंटात वारा सुटतो. जाड वाळू तिथल्या तिथंच उड्या मारत बसते, पण तिच्या आपटण्यानं बारीक धूळ सुटी होते, वर चढते आणि वाऱ्यावर स्वार होऊन समुद्र ओलांडते. चार दिवस, पाच दिवस, कधी आठवडा. वाटेत ऊन अडवते, ढगांत शिरते, समुद्रात पडली तर तिथल्या इवल्या वनस्पतींना खत होते, आणि उरलेली कुणाच्या तरी छातीत जाऊन बसते. उद्या, परवा, तेरवा जगात कुठं किती धूळ असेल, हे सूनबाईचं मॉडेल सांगतं. मॉडेल म्हणजे मला आधी वाटलं, शाळेच्या प्रदर्शनात मुलं करतात तसा मातीचा डोंगर. तसं नव्हे. नुसतं गणित. हजारो ओळींचं गणित, एका मोठ्या थंडगार खोलीतल्या यंत्रांवर चालणारं. त्यात सगळी पृथ्वी चौकोनी डब्यांत कापलेली आहे, आणि डब्यावर डबे रचून थेट आभाळापर्यंत नेलेत. प्रत्येक डब्याला दर काही मिनिटांनी चारच प्रश्न. तुझ्यात धूळ आली किती, बाहेर गेली किती, खाली बसली किती, पावसानं धुतली किती? आणि धुळीचेही आठ खण केलेत, एकाखाली एक चाळण्या ठेवाव्यात तसे. बारीक वेगळी, जाडी वेगळी.

हे कळल्यावर मला स्फुरण चढलं. मी तिला खळ्यावरची उफणणी समजावून सांगितली. दाणा कसा पायाशी पडतो, भुसा कसा लांब जातो, उफणणाऱ्यानं वाऱ्याकडे पाठ कशी करायची, सगळं साभिनय. चांगला अर्धा तास. मनात म्हटलं, आता ही उठणार, ऑफिसला पळणार आणि आपल्या नावानं एक ओळ त्या गणितात जाणार. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, “बाबा, हे आमच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात आहे. पण तुम्ही सांगितलंत तितकं छान त्यात नाही.” अशी सून मिळायला पुण्याई लागते. दुसरी कुणी असती तर पहिल्याच वाक्यावर थांबवलं असतं.

आमच्या हिला मात्र या धुळीच्या नोकरीचं कधी कौतुक वाटलं नाही. ‘जगाची धूळ मोजते आणि घरातल्या कपाटावर बोटानं नाव लिहिता येतं,’ हे तिचं ठरलेलं वाक्य. सूनबाई हसायची. मग एका सुट्टीच्या दिवशी काय तिच्या मनात आलं कोण जाणे, ओलं फडकं घेऊन ती स्टुलावर चढली. कपाटाचं टोक पुसता पुसता स्टूल कलंडलं आणि बाई खाली. घोट्याचं हाड मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारलं, काम काय करता? ती म्हणाली, धुळीचं. त्यांनी कागदावर ‘सफाई’ असं लिहिलं. तिनं दुरुस्त केलं नाही. आमच्या हिनं मात्र त्या दिवसापासून ते वाक्य कायमचं गिळलं, आणि कपाट स्वतःच पुसायला लागली.

आता हे सहा आठवडे नेमके कुठले, ते सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट तिथंच आहे.

त्यांच्याकडे एक रिवाज आहे. दर पाच वर्षांनी मॉडेलला कुलूप लावतात. चालायचं ते चालतंच, पण त्या तारखेनंतर त्यातल्या एकाही ओळीला हात लावायचा नाही. पुढची पाच वर्षं तेच. कितीतरी देशांतले दवाखाने, विमानतळ, दम्याच्या रोग्यांना आदल्या दिवशी सावध करणारे लोक त्यावर विसंबून असतात, रोज रोज बदल करून कसं चालेल? आणि कुलपाआधी ज्याला काही बदलायचं असेल त्याच्यासाठी नियम एकच. मार्क कमी होता कामा नयेत. मार्क म्हणजे काय, तर मागच्या तीन वर्षांचे अंदाज पुन्हा काढून बघायचे आणि ठिकठिकाणी धूळ मोजणाऱ्या केंद्रांच्या आकड्यांशी ताडून बघायचे. जुन्या मॉडेलला शंभरात ब्याऐंशी पूर्णांक चार. हे ‘पूर्णांक चार’ मी विसरलो तर चालेल, पण त्यांचे मुख्य साहेब विसरू देत नाहीत. सगळं ऑफिस त्यांना पाठीमागे दशांश साहेब म्हणतं. माणूस वाईट नाही, पण चहात साखर किती विचारलं तरी ‘एक पूर्णांक पाच’ म्हणतो. चमचा.

सूनबाईला एक बदल हवा होता. मॉडेलमध्ये धुळीचा प्रत्येक कण चेंडूसारखा गोल धरलेला होता. गोल असला की गणित सोपं. पण तिनं सूक्ष्मदर्शकाखाली शेकडो कण पाहिले होते, त्यात गोल एकही नाही. सगळ्या कपच्या, ढलप्या, फुटक्या खापराचे तुकडे. ढलपी चेंडूसारखी सरळ खाली येत नाही, हवेला टेकत टेकत सावकाश येते. म्हणजे मॉडेलमधली जाडी धूळ अर्ध्या समुद्रातच पडत होती आणि खरी धूळ पलीकडच्या किनाऱ्यावर पोचत होती. चूक उघड होती. तिनं ती काढली. ढलप्यांना ढलप्यांसारखं पडू दिलं.

आणि मार्क आले एकाहत्तर पूर्णांक नऊ.

ज्या गावात बघावं तिथं धूळच धूळ. मॉडेल म्हणत होतं लोक खोकून बेजार असतील, आणि तिथले आकडे म्हणत होते, आभाळ बऱ्यापैकी स्वच्छ आहे. साहेबांचा निरोप आला की बदल मागे घ्या, गोल कणच बरे. हा निरोप आला शुक्रवारी, आणि रविवारी ती स्टुलावरून पडली. कुलपाला उरले होते सात आठवडे.

तेव्हा मला आमच्या शाळेतलं घड्याळ आठवलं. हे मी तिला सांगितलं, आणि हे तिच्या कुठल्याही पुस्तकात नव्हतं, याची नोंद घ्यावी. मुख्याध्यापकांच्या खोलीत भिंतीवर मोठं घड्याळ होतं, पाव तास मागे. शिपायाला ते ठाऊक होतं, म्हणून तो घड्याळात पाव तास कमी असतानाच घंटा द्यायचा. शाळा सुटायची अगदी वेळेवर. वर्षानुवर्षं कुणाची तक्रार नाही. मग नवे मुख्याध्यापक आले, शिस्तीचे. त्यांनी आल्या आल्या घड्याळ दुरुस्त केलं. शिपायाच्या हाताला मात्र जुनीच सवय. झालं, शाळा रोज पाव तास लवकर सुटायला लागली. आम्ही पोरं खूश, गाव नाराज. सगळे म्हणायला लागले, दुरुस्तीवाल्यानं चांगलं घड्याळ बिघडवलं. शेवटी मुख्याध्यापकांनी काय करावं? शिपायाला सांगायचं सोडून घड्याळाचा काटा पुन्हा पाव तास मागे फिरवला. सगळं सुरळीत.

सूनबाई प्लास्टरचा पाय खुर्चीवर ठेवून ऐकत होती. ती म्हणाली, हेच तर झालंय. घड्याळ आपण दुरुस्त केलं, बाबा, शिपाई अजून सापडायचाय. म्हणजे दुसरी चूक कुठंतरी आहे, पहिलीच्या उलट्या बाजूची. धूळ वाटेत जास्त पडत होती तरी पोचत होती बरोबर, तर मग उचललीच जास्त जात असणार. वाळवंटातच.

तेव्हापासून आमच्या जेवणाच्या टेबलाचं ऑफिस झालं. माझा मुलगा औषधांच्या दुकानात असतो, तो रोज येताना तिच्या ऑफिसातून वह्यांचे गठ्ठे आणायचा. वारा किती असला की माती उडते, कुठली जमीन दगडी, कुठली भुसभुशीत, कुठं झुडपं, एकेक ओळ तिनं उलटीपालटी करून पाहिली. तीन आठवडे गेले. शिपाई सापडेना. चौथ्या आठवड्यात तिनं सगळ्यात खालची वही काढली. निळ्या पुठ्ठ्याची, कोपरे कुरतडलेली. ती तिची स्वतःचीच होती, नोकरीच्या पहिल्या वर्षाची.

त्या वर्षी ती हंगामी होती. तिला काम दिलं होतं की पाऊस पडल्यावर वाळवंटातली माती पुन्हा उडण्याइतकी कधी सुकते, ते शोधायचं. तिनं खऱ्या वाळवंटातली माती पाकिटांतून मागवली, ऑफिसच्या गच्चीवर ट्रेमध्ये पसरली, झारीनं भिजवली आणि दर तासाला चमचाभर काढून वजन केलं. उत्तर आलं, एका दिवसात सुकते. ते उत्तर मॉडेलमध्ये गेलं. त्यावर तिचा लेख छापून आला, आणि त्या लेखावर तिची नोकरी पक्की झाली. आमच्या घरी पेढे नाही वाटले, पण आनंद बराच झाला होता. आमच्या हिनंसुद्धा शेजारी जाऊन सांगितलं होतं.

मी समोर बसून मटार सोलत होतो. वाचता वाचता तिचं बोट एका ओळीवर थांबलं. ती ओळ तिनं मला वाचून दाखवली. ‘नमुना सगळीकडून सारखा यावा म्हणून प्रत्येक वेळी माती चमच्यानं नीट ढवळून घेतली.’

मी म्हटलं, मग? व्यवस्थितच केलंस की. ती म्हणाली, फारच व्यवस्थित केलं. पावसानंतर माती सुकताना तिच्यावर पापडी धरते, बाबा. वाळवंटात कोण जातंय दर तासाला चमचा घेऊन?

दोन क्षणांनी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पापडी धरली की खाली माती कितीही सुकली तरी वाऱ्याला ती उचलता येत नाही. सूनबाईनं ढवळून ढवळून पापडी धरूच दिली नव्हती. म्हणून मॉडेलमधलं वाळवंट पावसाच्या दुसऱ्याच दिवशी धूळ उडवायला मोकळं. शिपाई सापडला होता, आणि तो आमच्याच घरातला निघाला.

पण तिला नुसता संशय चालत नाही. त्याच मातीची जुनी पाकिटं ऑफिसच्या कपाटात पडून होती, ती मुलानं आणली. बाल्कनीत दोन ट्रे मांडले. दोन्ही सारखे भिजवले. एक मी दर तासाला ढवळायचा, दुसऱ्याकडे बघायचंसुद्धा नाही. मी म्हटलं, आयुष्यात पहिल्यांदा काही न करण्याचं काम मिळालंय, बघ कसं करतो. आणि तेच अंगाशी आलं. तिसऱ्या दिवशी दुपारी माझा डोळा लागला आणि शेजारचं मांजर आलं. मातीनं भरलेला सपाट ट्रे मांजराला कशासाठी वाटला असेल, ते मी लिहीत नाही. तीन दिवस पाण्यात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सूनबाई म्हणाली, बाबा, निदान निकाल तरी स्पष्ट आहे.

पुन्हा मांडलं. या वेळी मी खुर्ची टाकून बसलो, हातात वर्तमानपत्राची सुरळी. चार दिवस. शेजारीण विचारून गेली की काय राखताय, बी पेरलंय का? मी सांगितलं, वाळवंट. ती पुन्हा काही विचारायला आली नाही. चौथ्या दिवशी सूनबाई कुबड्यांवर बाल्कनीत आली, मुलानं केस वाळवायचं यंत्र आणलं आणि ढवळलेल्या ट्रेवर धरलं. अर्धी माती आमच्या हिच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर. मग न ढवळलेल्यावर धरलं. तसंच, तितकंच जवळून. कण हलला नाही. वर तांबूस पापडी, बारीक भेगा पडलेली, ढिम्म. यंत्र तापून बंद पडलं तरी ती तशीच.

आम्ही तिघं त्या ट्रेकडे बघत उभे. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण तिचा चेहरा पाहून हात खाली ठेवले. स्वतःच्या नोकरीचा पाया केस वाळवायच्या यंत्राखाली धरायचा, हे काही सोपं काम नव्हे.

त्या संध्याकाळी जेवताना मुलानं विषय काढला. तो म्हणाला, झाकली मूठ सव्वा लाखाची. गोल कण तसेच राहू देत, साहेबांनाही तेच हवंय, मॉडेलला ब्याऐंशी पूर्णांक चार आहेतच. स्वतःच्या पायावर धोंडा कशाला मारून घेतेस, एक पाय आधीच मोडलाय. बायकोच्या काळजीनंच बोलत होता बिचारा. आमच्या हिनं सुनेच्या ताटात आणखी एक पोळी वाढली. सूनबाईनं पोळी संपवली, हात धुतले, आणि टेबल पुसून त्यावर पुन्हा आपलं यंत्र उघडलं. दोन्ही दुरुस्त्या एकदम घातल्या. कण ढलप्यांसारखे पडणार, आणि पावसानंतर पापडी दहा-दहा दिवस टिकणार. तीन वर्षांचे अंदाज नव्यानं निघायला त्या थंड खोलीतल्या यंत्रांना अकरा दिवस लागायचे होते. त्या अकरा दिवसांत प्लास्टर निघालं, पण ती चालायला शिकतेय की आकड्यांची वाट बघतेय हे कळत नव्हतं. बदलाचा अर्जही तिनं त्याच दिवसांत भरला. त्यात ‘आधीच्या चुकीचं कारण’ असा एक रकाना असतो, आणि लोक तिथं ‘जुनी पद्धत’ असं लिहून मोकळे होतात. तिनं लिहिलं, ‘प्रयोगात माती ढवळली गेली.’ पुढे स्वतःचं नाव आणि वर्ष.

बाराव्या दिवशी मार्क आले. ब्याऐंशी पूर्णांक एक.

तीन दशांश कमी.

दोन खऱ्या गोष्टी दोन खोट्यांपेक्षा तीन दशांशांनी हरल्या, हे मला आजही पटलेलं नाही. पण नियम तो नियम, मार्क कमी होता कामा नयेत. कुलपाला चार दिवस होते. आता बदल गेला नाही, तर दोन्ही चुका पुढची पाच वर्षं कुलपात बंद, तिच्या डोळ्यांदेखत रोज अंदाज सांगत बसणार, आणि फळ्यावर कितीही लिहिलं तरी तिला त्यांना हात लावता येणार नव्हता.

बैठक संगणकावरूनच झाली, आमच्या जेवणाच्या टेबलाशी, कारण तिला अजून जिने चढायला मनाई होती. मला बजावलं होतं की तुम्ही पडद्यात दिसायचं नाही आणि बोलायचं तर मुळीच नाही. मी दाराआड स्टुलावर बसलो. हो, त्याच स्टुलावर. पडद्यावर नऊ डोकी, मधोमध दशांश साहेब. तिनं सगळं सांगितलं. कपच्या, ट्रे, चमचा, पापडी. मांजराचं तेवढं वगळलं, माझी अब्रू राखली. कुणीतरी म्हणालं, काम चांगलं आहे, पुढच्या खेपेला बघू. पुढची खेप म्हणजे पाच वर्षांनी. तिनं मान हलवली, पण होकाराची नव्हे.

निकाल काय लागला तो मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. बदल गेला. दशांश साहेबांनी नियमाला अपवाद म्हणून त्यावर स्वतः सही केली, तीन दशांशांचा तोटा पदरात घेऊन. त्या माणसानं तीन दशांश सोडले म्हणजे दुसऱ्या कुणी राज्य सोडल्यासारखं समजा. पण निकाल त्या सहीनं लागला नाही. त्याआधी तिनं जे उत्तर दिलं, त्यानं लागला, आणि ते मी दाराआडून माझ्या कानांनी ऐकलंय, म्हणून शब्दाला शब्द लिहितो.

साहेब बराच वेळ तिचा तो अर्ज वाचत होते. मग चष्मा काढून त्यांनी विचारलं, अगदी साध्या आवाजात, रागानं नव्हे, की मार्क जुन्यालाच जास्त आहेत, ही चूक दुसऱ्या कुणाला जन्मात सापडली नसती, तुमच्या पहिल्या लेखावर तुम्ही स्वतःच फुली मारताय. हे सगळं नेमकं कशासाठी?

ती म्हणाली, “साहेब, या दोन चुका आजवर वाटेत एकमेकींना भेटत आल्या, म्हणून आपल्याला मार्क मिळाले. एखाद्या वर्षी वाळवंटात पाऊसच पडला नाही, तर माझी चूक घरी बसेल आणि दुसरी, धूळ वाटेतच पाडणारी, एकटीच निघेल. त्या दिवशी आपण हवा स्वच्छ म्हणून सांगणार आणि धूळ येणार. मग दम लागलेल्या माणसाला मी काय सांगू, आमचे मार्क चांगले होते म्हणून?”